अण्णांचे दाखल रजिस्टर

आमच्या गावच्या वाचनालयाचे दाखल रजिस्टर माझ्याकडे आहे. लाल कापडी पाठीचे, कडा झिजलेले, आडव्या पानांचे. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, किंमत, शेरा असे त्यात रकाने आहेत. अक्षर माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे. गंगाखेडजवळ गोदाकाठी आमचे गाव. तिथे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मारुतीच्या देवळाशेजारच्या एका खोलीत वाचनालय होते आणि अण्णा पंचवीसेक वर्षे त्याचे ग्रंथपाल होते. रजिस्टरातला शेवटचा दाखल क्रमांक २,३१७ आहे.

पुस्तके मात्र राहिली नाहीत. अण्णा थकले, वाचनालय बंद पडले, दोन पावसाळे खोली उघडली गेली नाही, आणि मग उघडली तेव्हा वाळवीने भिंतीकडच्या कपाटांचा भुगा केलेला होता. हातात धरता येतील अशी चारशेच्या आत पुस्तके निघाली. ती परभणीला माझ्या घरी आली, रजिस्टरही आले.

मी मराठीची शिक्षिका आहे. राहते परभणीत, शाळा सेलूला. गेली बावीस वर्षे गाडीने अप-डाऊन करते आहे. परभणी, पेडगाव, मानवत रोड, सेलू. गाडी वेळेवर असली तर तासाभरात पोचते, नसली तर फलाटावरच तास जातो. माझे बहुतेक वाचन या प्रवासात झाले. पूर्वी पिशवीत एक पुस्तक असायचे आणि ते पेडगावच्या आधी संपले की पुढे खिडकीबाहेरचा कापूस बघायचा. आता माझ्या मोबाइलमधून मला माझी १,१६० पुस्तके दिसतात. दिसतात, असेच म्हणते आहे; मोबाइलमध्ये ती साठवलेली नाहीत. ती असतात क्लाऊडमध्ये, म्हणजे एका कंपनीच्या दूरच्या संगणकावर, माझ्या नावाच्या आणि माझ्या पासवर्डच्या जागेत. मोबाइलवर असते ती त्यांची यादी: मुखपृष्ठ, लेखक, विषय, दोन ओळींची माहिती. हवे ते पुस्तक तेवढे उतरवून घ्यायचे, वाचायचे, काढून टाकायचे.

हे कसे जमते ते मी इथे सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक वाचणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये पुस्तके आहेत आणि जवळजवळ कुणालाच ती सापडत नाहीत. व्हॉट्सॲपवरून आलेली पीडीएफ फाइल 'डॉक' ही अक्षरे, तारीख आणि पुढे एक आकडा अशा नावाने पडून राहते. आत 'स्मृतिचित्रे' आहे की गॅसचे बिल, हे उघडल्याशिवाय कळत नाही. माझेही चार वर्षे हेच चालले होते. पुस्तके गोळा करायची, गूगल ड्राइव्हवर टाकायची, विसरायची. अण्णा म्हणायचे, "नोंद झाली नाही तोवर पुस्तक आलंच नाही समज." त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ मला या गोंधळात कळला.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा पुण्यात संगणकाचे काम करतो. दिवाळीत आला असताना त्याने माझ्या लॅपटॉपवर 'कॅलिबर' नावाचा प्रोग्राम घालून दिला. तो फुकट आहे आणि त्याची घडणही सर्वांसाठी खुली आहे. कोविद गोयल यांनी अमेरिकेत कॅलटेकमध्ये शिकत असताना २००६ साली तो लिहायला घेतला. सोनी कंपनीचे एक वाचनयंत्र त्यांनी घेतले होते आणि ते त्यांच्या लिनक्स संगणकाशी बोलत नव्हते, तिथून सुरुवात झाली. आज जगभर वाचणारी माणसे आपला खासगी ग्रंथसंग्रह त्यात लावतात.

कॅलिबर काय करतो? आपण दिलेली फाइल तो स्वतःच्या एका फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. प्रत्येक लेखकाचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक पुस्तकाचा एक, आणि त्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी: पुस्तकाची फाइल, मुखपृष्ठाचे चित्र आणि त्या पुस्तकाच्या माहितीची एक छोटी फाइल. सगळ्यांच्या वर, मुख्य फोल्डरमध्ये, एक मोठी फाइल असते. तिचे नाव 'मेटाडेटा डॉट डीबी'. भाच्याने ती उघडून रकाने दाखवले तेव्हा मी आत जाऊन लाल रजिस्टर घेऊन आले. लेखक, नाव, प्रकाशक, साल, शेरा. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही पाहिले. अण्णांच्या रजिस्टरात किंमत होती, इथे विषयांच्या खुणा होत्या. बाकी रकाने तेच.

यापुढचे काम सोपे आहे. हा सगळा फोल्डर गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवायचा, म्हणजे लॅपटॉपवर केलेली प्रत्येक नोंद आपोआप वर चढते. मोबाइलवर कॅलिबरचा संग्रह वाचू शकणारे एखादे ॲप घ्यायचे. ते क्लाऊडमध्ये जाऊन आधी फक्त रजिस्टराची फाइल आणते. माझ्या हजारावर पुस्तकांची ही फाइल काही एमबींचीच आहे, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा लहान. एकदा ती मोबाइलमध्ये आली की रेंज नसली तरी यादी चाळता येते. पेडगाव सोडल्यावर नेट जाते-येते, पण तोवर रजिस्टर माझ्या हातात असते. काय वाचायचे ते मी गाडीत ठरवते आणि सेलूला उतरल्यावर पुस्तक उतरवून घेते. परतीच्या प्रवासाची सोय झाली.

जागेचा प्रश्न सगळे विचारतात. गूगलची फुकट जागा १५ जीबी, वनड्राइव्हची ५, ड्रॉपबॉक्सची २. गूगलच्या १५ जीबीत तुमचे ईमेल आणि फोटोही धरलेले असतात, म्हणून पुस्तकांसाठी मी वेगळे खाते काढले. त्याचा दुसरा फायदा असा, की ॲपला परवानगी द्यावी लागते ती त्या खात्यापुरतीच. घरचे फोटो, बँकेची कागदपत्रे त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. हे खाते वेगळे काढाच. आणि पुस्तके कितीशी जागा खातात? ते पुस्तक कोणत्या रूपात आहे त्यावर ठरते, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. जुन्या पुस्तकाचे स्कॅन पन्नास एमबीचेही असते, आणि मोबाइलच्या पडद्यावर ते वाचताना पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. ईपब हे दुसरे रूप. त्यात मजकूर अक्षरांच्या रूपात असतो, त्यामुळे पडदा केवढा आहे ते पाहून ओळी आपोआप मांडल्या जातात आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. नुसत्या मजकुराचे ईपब बहुधा एक-दोन एमबीच्या आतच बसते. माझ्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर त्यांनी बारीक टाइपाची गाथा वाचणे सोडले होते. जनाबाई आमच्या गंगाखेडची. तिचे अभंग मी ईपब करून टॅबलेटवर मोठ्या अक्षरात लावून दिले. एका पडद्यावर चार ओळी मावतात. रोज पहाटे त्या स्वतः टॅबलेट उघडतात, मुखपृष्ठांच्या रांगेतून जनाबाई शोधतात आणि वाचतात. त्यांना क्लाऊड हा शब्द माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही.

आता मराठीचे म्हणून जे खास प्रश्न आहेत त्यांच्याकडे येते. यावर कुणी बोलत नाही आणि शोध इथेच अडतो.

कॅलिबर घडला इंग्रजी नावांच्या धाटणीने. लेखकाचे नाव दिले की शेवटचा शब्द आडनाव समजून तो आधी आणतो आणि त्याप्रमाणे क्रम लावतो. साने गुरुजींचे त्याने 'गुरुजी, साने' केले. संत जनाबाईंचे 'जनाबाई, संत'. पहिल्या आठवड्यात माझ्या यादीत सगळे गुरुजी एकत्र आणि सगळे महाराज एकत्र बसले होते. प्रत्येक लेखकाचा क्रमशब्द हाताने दुरुस्त करावा लागला. त्यात एकच माणूस तीन नावांनी येतो: ह. ना. आपटे, हरि नारायण आपटे, हरी नारायण आपटे. यंत्राच्या लेखी हे तीन लेखक. आधी एक नाव पक्के करायचे आणि सगळीकडे तेच लिहायचे, याला पर्याय नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हजारो नावांच्या बाबतीत हाच निर्णय त्यांनी हाताने घेतला असणार. संगणकावर हजारभर नावे लावताना मी घायकुतीला आले, त्या माणसाने कार्डांवर हे केले. दात्यांची सूची मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने चाळते.

दुसरी अडचण अक्षरांची. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येते: एक अख्खे अक्षर म्हणून, किंवा 'अ' लिहून वर चंद्र देऊन. 'दुसऱ्या' मधला 'ऱ्य' असाच दोन प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. पुस्तक यादीत असून 'सापडले नाही' असे उत्तर आले, तर बहुतेक वेळा कारण हे असते. त्याहून मोठी अडचण जुन्या डीटीपीची. श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांच्या काळात, म्हणजे युनिकोड हा सगळ्या लिपींचा सामाईक संकेत रुळण्याआधी, मजकूर त्या त्या फॉन्टाच्या स्वतःच्या संकेतांत टाइप होत असे. देवनागरी १९९१ सालच्या पहिल्याच युनिकोडमध्ये होती, पण आपल्याकडे छपाईच्या धंद्यात ती यायला पुढे बरीच वर्षे गेली. त्या काळातल्या पीडीएफ दिसतात मराठी. मात्र त्यातला शब्द शोधायला जा किंवा ईपब करायला जा, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा हाती येतो. अशा पुस्तकांची निदान नोंद तरी स्वच्छ मराठीत करायची. आतला मजकूर सापडला नाही तरी पुस्तक सापडते.

आणि 'ओ'. बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचे नाव एवढेच आहे: 'ओ'. शोधाच्या चौकटीत 'ओ' टाकले की ओळख, ओवी, ओंजळ, ओ कुठेही असलेले सगळे समोर येते. कॅलिबरमध्ये 'टायटल' शब्दापुढे कोलन देऊन बरोबरचे चिन्ह टाकले, की नेमके तेवढेच नाव शोधता येते. हे मला महिन्याने कळले. तोवर मी ती कादंबरी हाताने यादी सरकवत शोधायची.

बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, हे आमच्या परभणीचे लेखक. जन्म १९१३ चा, सातोन्याचा. नोकरी परभणीत, निजामाच्या राजवटीत बांधकाम खात्यात. कथा, कविता, कादंबरी, तिन्हींत लिहिले आणि ७ सप्टेंबर १९५३ ला, वयाच्या चाळिशीत, ते गेले. परभणीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. शाळेतल्या मुलांना त्या सभागृहाचे नाव माहीत असते. त्यातल्या किती जणांनी त्यांचे एक पान वाचले आहे, हे मी वर्गात दरवर्षी विचारते. हात वर येत नाहीत. यात मुलांचा दोष मी मानत नाही. पुस्तक हाताशीच नाही, तर वाचणार काय?

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो आणि मग लेखन सर्वांचे होते. बी. रघुनाथांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा हक्क २०१३ च्या अखेरीस संपला. लेखक गेल्यावर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांना प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, गडकरी आणि ह. ना. आपटे १९१९ साली. यांचे लेखन कुणीही टाइप करावे, ईपब करावे, वाटावे. फक्त नव्या आवृत्तीला कुणा हयात अभ्यासकाने लिहिलेली प्रस्तावना, टीपा त्यात घ्यायच्या नाहीत; त्यांचा हक्क त्यांच्याकडे आहे.

हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मी माझ्या संग्रहात ठेवत नाही. आधी होत्या, एकशे चाळीसच्या आसपास. मी त्या काढून टाकल्या, आणि त्यातल्या मला खरोखर हव्या होत्या त्या तीस-बत्तीस पुस्तकांच्या छापील प्रती हळूहळू विकत घेतल्या. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघते, तीही खपायला वर्षे लागतात. त्यात लेखकाच्या हातात काय पडते हे ज्याला माहीत आहे त्याने ती फाइल पुढे पाठवू नये. क्लाऊडमधल्या फोल्डरची लिंक दहा जणांना देणे हेही वाटपच आहे. माझा संग्रह माझ्यापुरता आणि माझ्या घरापुरता आहे.

मग एवढी पुस्तके आली कुठून? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. मोठमोठे ग्रंथ आहेत त्यात. ठाण्याचे ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने ई-पुस्तके काढते आणि विनामूल्य देते. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तके स्वयंसेवकांनी पान न् पान तपासून अक्षररूपात आणलेली आहेत. शिवाय अण्णांच्या वाचनालयातली वाळवीतून वाचलेली पुस्तके. त्यातली हक्कमुक्त तेवढी मी मोबाइलने टिपली. सुट्टीच्या दिवशी गच्चीच्या दारात, कोवळ्या उन्हात, पुस्तक उघडे धरून. पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारी सोय आता मराठीलाही आहे, गूगल ड्राइव्हमध्येच आहे. पण ती 'घ' आणि 'ध' मध्ये, 'भ' आणि 'म' मध्ये फसते आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरांना तर अगदीच चुकते. म्हणून तपासावे लागते. माझ्या नववीच्या वर्गातल्या दोन मुलींनी एका सुट्टीत साने गुरुजींची एक गोष्ट अशी तपासून दिली. शुद्धलेखनाच्या तासात जे त्यांना जमले नव्हते, ते त्या पंधरा पानांत जमले.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हा संग्रह एका वेळी एकाच संगणकावर उघडायचा. मोबाइलवरून चाळणे वेगळे, तिथे आपण फक्त बघतो. पण मी घरच्या लॅपटॉपवर कॅलिबर उघडा ठेवून शाळेतल्या संगणकावरही तोच संग्रह उघडला आणि दोन्हीकडे नोंदी केल्या. दोन रजिस्टरे तयार झाली, क्लाऊडला कळेना की खरे कोणते, आणि दोनशेच्या वर पुस्तकांच्या नोंदी यादीतून गेल्या. चूक माझी होती. कॅलिबरच्या मदतपुस्तिकेत ही सूचना दिलेली आहे. नोंदी बचावल्या त्या मघाशी सांगितलेल्या छोट्या फाइलींमुळे. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात त्याच्या माहितीची चिठ्ठी असते. मुख्य रजिस्टर बिघडले तर कॅलिबर त्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून ते पुन्हा लिहून काढतो. अर्ध्या तासात बहुतेक नोंदी परत आल्या. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा सगळ्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेते. क्लाऊड ही उधारीची जागा आहे, कंपनी उद्या नियम बदलू शकते. मी सुरुवातीला वापरत होते ते मोबाइल ॲप मध्येच बंद पडले. दुसरे घेतले, त्याला तोच फोल्डर दाखवला, आणि संग्रह होता तसा पुन्हा दिसू लागला. विकत घेतलेली बरीचशी ई-पुस्तके मात्र त्या त्या दुकानाच्या ॲपमध्ये कुलूपबंद असतात, ती या संग्रहात आणता येत नाहीत. ती तिथेच वाचायची.

१९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. अण्णा गावाहून एसटीने आले, ग्रंथप्रदर्शनातून वाचनालयासाठी पुस्तके घेतली आणि दोन पिशव्या खांद्याला लावून रात्री परत गेले. त्या खरेदीची नोंद रजिस्टरात ओळीने आहे: त्रेचाळीस पुस्तके, प्रत्येकाची किंमत, शेवटी बेरीज. त्यातली आता अकरा उरली आहेत. जी गेली त्यांचीही नावे मी कॅलिबरमध्ये चढवली. कॅलिबरमध्ये फाइल नसलेली नुसती नोंदही करता येते. शेऱ्यात लिहिले: 'प्रत नष्ट. शोधत आहे.' यादीत ती राखाडी, कोऱ्या मुखपृष्ठाने दिसतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभी असले की मोबाइलवर हा शेरा शोधते आणि समोरच्या ढिगाशी ताडून बघते. अशी सहा पुस्तके परत मिळाली आहेत. माझ्या संग्रहातले दाखल क्रमांक मी २,३१८ पासून पुढे चालू केले आहेत.

परभणी, सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा, गंगाखेड, सोनपेठ, पालम, कुठल्याही गावी तुमच्या माळ्यावर बी. रघुनाथांच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती असेल, एखादे जुने मासिक असेल, बंद पडलेल्या वाचनालयाचे गठ्ठे असतील, तर येत्या पावसाळ्याआधी ते खाली काढा. मोबाइलने पाने टिपा, मुखपृष्ठ आणि छापखान्याचे नाव असलेले पान सोडू नका, आणि त्याच दिवशी नोंद करा: लेखक, नाव, प्रकाशक, साल.